आष्टीतून तीनशे मीटरवर : पहिली रायफल निवडताना

१ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधल्या शातोरू इथल्या रेंजवर स्वप्नील कुसाळे यानं ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह ब्राँझपदक मिळवलं. या प्रकारातलं भारताचं हे पहिलंच ऑलिम्पिक पदक. स्वप्नील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. त्याच्याआधी कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत हिनं २०१० मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ गुण मिळवून सुवर्णपदक जिंकलं होतं आणि जागतिक विक्रमाची बरोबरीही केली होती. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोत १० मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला. रायफल नेमबाजीत महाराष्ट्राची ही परंपरा आता चांगलीच रुजली आहे.

बीड जिल्ह्यातला आष्टी तालुका देशाला ठाऊक झाला तो धावण्यामुळे. मांडव्याच्या अविनाश साबळेनं ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये आशियाई सुवर्ण मिळवलं आणि माळरानावरचं पोरगंही जगात पोचतं हे सिद्ध केलं. पण धावण्याची सुरुवात करायला कुणाची परवानगी लागत नाही. नेमबाजीत तसं नाही. इथं हत्यार लागतं, ते महाग असतं आणि त्यावर कायद्याचं बारीक लक्ष असतं. त्यामुळे आष्टी, कडा, पाटोदा या पट्ट्यातल्या एखाद्या मुलीनं ‘मला लांब पल्ल्याची नेमबाजी करायची आहे’ असं घरी सांगितलं, तर आईवडिलांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो : कोणती रायफल घ्यायची आणि आपल्या ऐपतीत ती बसेल का?

उत्तर थोडक्यात असं : ऐपतीतली चांगली रायफल मिळते. मात्र ती निवडताना कायदा, अंतर, अंगाचं माप, छर्रे आणि मग किंमत, हा क्रम पाळावा लागतो. बहुतेक घरांत हा क्रम उलटा होतो आणि पैसे वाया जातात.

आधी कायदा, मग किंमत

भारतात बंदुकांचा व्यवहार शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांनुसार चालतो. एअर रायफलला या नियमांनी एक रेषा आखून दिली आहे. नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे ज्याला सगळे पॉइंट १७७ म्हणतात तेवढा, आणि नळीतून बाहेर पडताना छर्‍याची ऊर्जा २० ज्यूलपर्यंत असेल, तर परवाना लागत नाही. यातलं एकही माप ओलांडलं की परवान्याचा विषय आला. विक्रेता ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागतो. मुलासाठी घेत असाल तर खरेदी पालकाच्या नावावर करा. पावती आणि ऊर्जेचा आकडा छापलेलं कंपनीचं पत्रक जपून ठेवा. एसटीतून किंवा रेल्वेतून नेताना रायफल बंद पेटीत असावी.

दारूगोळ्यावर चालणार्‍या कोणत्याही रायफलला परवाना लागतोच, मग ती साधी पॉइंट टू टू का असेना. ग्रामीण जिल्ह्यांत हा परवाना जिल्हाधिकारी देतात. वय २१ पूर्ण लागतं. त्याआधीच्या वयात प्रशिक्षणापुरता, देखरेखीखाली वापर करण्याची तरतूद कायद्यात आहे. सुरक्षा प्रशिक्षणाचा दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि हत्यार सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था हेही दाखवावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच हत्यारं बाळगता येतात. नामवंत आणि होतकरू नेमबाजांसाठी मात्र वेगळ्या सवलती आहेत.

परदेशी रायफलींबाबत तर बाजार असा नाहीच. अमेरिकेत दुकानात जाऊन एखादी रायफल खरेदी करावी, तशी आयात भारतात सामान्य माणसाला करता येत नाही. नेमबाज म्हणून पात्रता मिळवल्यावर भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेच्या शिफारशीनं ती वाट उघडते. ही संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर. त्यांच्या नावाची मावळणकर स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेआधीची मोठी चाळणी आहे. राज्य स्पर्धा, मावळणकर, राष्ट्रीय स्पर्धा अशा पायर्‍या चढत, ठरलेले पात्रता गुण मिळवत नेमबाज पुढे जातो आणि सवलतीही त्या पायर्‍यांवर मिळत जातात.

बीडकरांना आणखी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. डिसेंबर २०२४ नंतर जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांची राज्यभर चर्चा झाली, प्रशासनानं परवान्यांची फेरतपासणी केली आणि अनेक परवाने रद्द केले. कमरेला पिस्तूल लावून मिरवणं आणि लग्नाच्या वरातीत बार काढणं या गोष्टींचा नेमबाजीशी काही संबंध नाही. बेफिकिरीनं केलेल्या किंवा आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबाराला २०१९ च्या दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवलं आहे. अशा वातावरणात परवान्यासाठी अर्ज करणार्‍या खर्‍या खेळाडूकडे स्पर्धांची प्रमाणपत्रं आणि क्लबचं सदस्यत्व असणं फार उपयोगी पडतं. म्हणूनही सुरुवात विनापरवाना एअर रायफलनं करणं शहाणपणाचं.

दहा मीटर म्हणजे काही जवळ नव्हे

‘लांब पल्ल्याचं शिकायचंय आणि तुम्ही दहा मीटरवर उभं करताय?’ ही तक्रार प्रत्येक प्रशिक्षक ऐकतो. तिचं उत्तर आकड्यांत आहे.

१० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. ४.५ मिलिमीटरच्या छर्‍याची कड त्याला स्पर्शली तरी दहा गुण मिळतात. म्हणजे छर्‍याचा मध्य ५ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात पडायला हवा. ५० मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं आहे. गोळीची जाडी धरली तर हे वर्तुळ सुमारे १६ मिलिमीटरचं होतं. ३०० मीटरवर दहाचं वर्तुळ १०० मिलिमीटरचं, आणि गोळीची जाडी धरून साधारण १०८ मिलिमीटर.

आता प्रत्येक माप अंतरानं भागा. दर मीटरमागे १० मीटरवर अर्धा मिलिमीटर, ५० मीटरवर ०.३२ आणि ३०० मीटरवर ०.३६ मिलिमीटर चूक चालते. तीनही अंतरांवर मागणी जवळपास एकाच पातळीची आहे. शिवाय एअर रायफलमध्ये गुण दशांशात मोजले जातात. १०.९ हा सर्वोच्च गुण. जगात जिंकणारे नेमबाज १०.५ च्या आसपास सरासरी ठेवतात. तिथं दहा मीटरची कसोटी आणखी कडक होते.

फरक पडतो तो वार्‍यानं. दहा मीटरची रेंज बंदिस्त असते. ५० मीटरवर ताशी साडेतीन किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला एक मीटरचा आडवा वारा पॉइंट टू टूच्या गोळीला ५ ते ६ मिलिमीटर ढकलतो. ३०० मीटरवर तोच वारा .३०८ या लांब पल्ल्याच्या काडतूस-जातीच्या गोळीला ५ ते ६ सेंटिमीटर सरकवतो. आष्टीच्या उघड्या माळावर, बालाघाटाच्या कुशीत वारा किती आणि कसा फिरतो हे शेतकर्‍याला सांगायला नको. लांब पल्ल्याची नेमबाजी म्हणजे निम्मं तरी वारा वाचणं. पण वारा वाचायला शिकण्याआधी स्वतःची चूक शून्याजवळ यावी लागते. ती नसेल तर गोळी वार्‍यानं गेली की हातानं, हेच कळत नाही. शरीराची बैठक, श्वास, चाप दाबण्याची पद्धत आणि गोळी सुटल्यावरही स्थिर राहण्याची सवय दहा मीटरवरच पक्की होते.

हजार फुटांचा मोह

एअर रायफलच्या जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरात वेग असतो : सेकंदाला हजार फूट, बाराशे फूट. खरेदीतली पहिली चूक इथंच होते.

ऑलिम्पिकमध्ये वापरल्या जाणार्‍या एअर रायफलचा छर्रा सेकंदाला १७० ते १७५ मीटर वेगानं, म्हणजे सुमारे ५७० फुटांनी सुटतो. सामन्यातला छर्रा ०.५३ ग्रॅमच्या आसपास असतो. हिशेब केला तर ऊर्जा ८ ज्यूल भरते. विनापरवाना मर्यादा २० ज्यूलची आहे. याचा अर्थ, कायद्याच्या मर्यादेत राहून जगज्जेतेपदापर्यंत जाता येतं.

तोच ०.५३ ग्रॅमचा छर्रा खरोखर हजार फुटांच्या वेगानं, म्हणजे ३०५ मीटरनं सुटला, तर ऊर्जा सुमारे २५ ज्यूल होते आणि रायफल कायद्याची रेषा ओलांडते. कंपन्यांचे ते आकडे सहसा हलक्या मिश्रधातूच्या छर्‍यांवर मोजलेले असतात. शिवाय वेग ध्वनीच्या वेगाजवळ, ३४० मीटरकडे जाऊ लागला की छर्‍याभोवतीची हवा खवळते, छर्रा डगमगतो आणि नेम बिघडतो. कागदावर भोक पाडायला ताकद लागत नाही. प्रत्येक छर्रा आधीच्या छर्‍याइतक्याच वेगानं जाणं मात्र अत्यावश्यक आहे.

स्प्रिंग की कोंडलेली हवा

एअर रायफली मुख्यतः दोन प्रकारच्या. पहिल्या प्रकारात नळी मोडून आतली स्प्रिंग दाबायची असते. चाप ओढला की स्प्रिंग दट्ट्याला पुढे फेकते आणि दट्ट्या हवा दाबतो. भारतात पिढ्यान्‌पिढ्या हीच रायफल ओळखीची. वालचंद हिराचंद यांच्या समूहातल्या इंडियन ह्यूम पाइप कंपनीच्या एअर रायफली अनेक जुन्या क्लबांत अजून सापडतात. हा प्रकार काही हजारांत मिळतो आणि त्याला पंप किंवा सिलिंडर लागत नाही. पण दट्ट्या पुढे जाताना एक धक्का, थांबताना दुसरा धक्का, आणि छर्रा अजून नळीतच. त्यामुळे रायफल घट्ट धरली की नेम हलतो. सैलसर, दर वेळी अगदी सारखी पकड ठेवली तरच ती नीट मारते. नवशिक्याला स्वतःची चूक कोणती आणि रायफलीची कोणती, हे उमगत नाही.

दुसर्‍या प्रकारात नळीखालच्या नळकांड्यात २०० ते ३०० बार दाबानं हवा भरून ठेवलेली असते. दर वेळी तिच्यातून मोजून थोडीशी हवा सुटते. धक्का जवळजवळ नसतो. सर्व स्पर्धात्मक रायफली आज याच प्रकारच्या आहेत. फाइनवर्कबाउ ८००, वाल्थर एलजी ४००, आन्शुट्झ ९०१५ ही जर्मन नावं प्रत्येक मोठ्या रेंजवर ऐकू येतात. किंमत दोन लाखांच्या पुढे. मात्र आता भारतातही हवा भरलेल्या रायफली बनतात. खोल छिद्रं पाडणारी यंत्रं बनवण्याचा अनुभव असलेल्या महाराष्ट्रातल्या प्रिसिहोलनं या क्षेत्रात नाव केलं आहे. नळी बनवणं म्हणजे लांब, सरळ, गुळगुळीत छिद्र पाडणंच असतं, हे लक्षात घेतलं की या वाटचालीचं नवल वाटत नाही. देशी रायफलींची किंमत लाखाच्या आत राहते.

ज्या घराला खरोखर स्पर्धेत उतरायचं आहे, त्यानं स्प्रिंगच्या रायफलीवर फार पैसे घालू नयेत. महिनाभर हात बसवायला क्लबची रायफल वापरावी आणि पैसे साठवून दुसर्‍या प्रकाराकडे जावं.

दुकानात गेल्यावर काय पाहाल

पहिलं, माप. रायफल ही चपलेसारखी, पायात घालूनच घ्यायची गोष्ट आहे. दस्त्याचा मागचा भाग कोपराच्या खाचेत टेकवा. पहिलं बोट सहज चापावर पोचलं पाहिजे. गाल दस्त्यावर टेकल्यावर मान न ताणता डोळा साइटच्या रेषेत यायला हवा. वाढत्या वयाच्या मुलाला गालपट्टी आणि मागची पट्टी पुढेमागे, वरखाली करता येणारा दस्ता हवा. नाहीतर दोन वर्षांत रायफल लहान पडते. स्पर्धेत एअर रायफलचं वजन साडेपाच किलोपर्यंत चालतं, पण बारा-तेरा वर्षांच्या मुलीला तेवढी पेलत नाही. साडेतीन-चार किलोची हलकी रायफल घेऊन पुढे वजनं जोडता आली तर उत्तम.

दुसरं, चाप. चांगला चाप दोन टप्प्यांत चालतो. पहिल्या टप्प्यात बोट थोडं सरकतं, मग एक स्पष्ट भिंत लागते, आणि त्यानंतर किंचित दाबानं तो सुटतो. स्पर्धेच्या एअर रायफलीत हा दाब १०० ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी ठेवलेला असतो. नवशिक्याला इतका हलका नको. पण दर वेळी एकाच जागी सुटणारा, घासत न जाणारा चाप हवाच. चापाचं समायोजन करता येतं का, हे विक्रेत्याला विचारा.

तिसरं, साइट. स्पर्धेत दुर्बीण चालत नाही. डोळ्याजवळ बारीक छिद्राची पीप साइट आणि नळीच्या टोकाला कडं, असा जोड असतो. काळा गोल कड्यात आणि कडं छिद्रात मधोमध बसलं की नेम लागला. साइट फिरवताना प्रत्येक टिचकी स्पष्ट जाणवली पाहिजे. चार टिचक्या डावीकडे आणि चार उजवीकडे फिरवून नेम पुन्हा मूळ जागी येतो का, हे जरूर तपासा. स्वस्त रायफलीत बिघाड सहसा इथंच असतो.

चौथं, ड्राय फायर. छर्रा न घालता, हवा न सोडता चापाचा सराव करण्याची सोय स्पर्धेच्या रायफलीत असते. घरच्या भिंतीवर कागदाचा ठिपका चिकटवून रोज अर्धा तास असा सराव करता येतो, तोही फुकट. रेंजपासून दूर असलेल्या आष्टीकरासाठी ही सोय सर्वांत मोलाची. स्प्रिंगच्या रायफलीत असं केलं तर स्प्रिंग आणि दट्ट्या खराब होतात.

पाचवं, हवेचं नळकांडं. त्यावर बनवल्याची तारीख कोरलेली असते. जर्मन स्पर्धा-रायफलींच्या नळकांड्यांचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं धरतात आणि मुदत संपलेलं नळकांडं घेऊन स्पर्धेत उतरता येत नाही. जुनी परदेशी रायफल स्वस्तात मिळत असेल तर आधी ही तारीख बघा. नवं नळकांडं महाग पडतं. हवा भरायला हातपंप घ्यावा लागेल, तो खर्च रायफलीच्या किमतीतच धरा.

नळी आणि छर्रे यांचं जुळलं पाहिजे

एकाच कारखान्यातल्या, एकाच दिवशी बनलेल्या दोन नळ्यांनाही वेगवेगळे छर्रे मानवतात. छर्‍याच्या डोक्याचा व्यास ४.४९ की ४.५० मिलिमीटर, एवढ्या फरकानंही ग्रुप, म्हणजे एकाच ठिपक्यावर मारलेल्या छर्‍यांच्या भोकांचा घोळका, आवळतो किंवा पसरतो. लक्ष्यासाठी सपाट डोक्याचे छर्रे घ्यावेत. ते कागदात स्वच्छ गोल भोक पाडतात आणि गुण मोजायला वाद राहत नाही. टोकदार छर्रे दिसायला भारी, पण इथं निरुपयोगी.

चाचणी अशी करा. टेबलावर वाळूच्या पिशव्या ठेवा, रायफल त्यांवर टेकवा आणि दहा मीटरवर एकाच ठिपक्यावर दहा छर्रे मारा. सर्वांत दूरच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजून त्यातून ४.५ वजा करा. हा झाला ग्रुप. दहा गुणांसाठी एकूण ५ मिलिमीटरची जागा आहे, हे आपण पाहिलंच. रायफलनंच त्यातली तीन खाल्ली तर नेमबाजाच्या वाट्याला फार थोडं उरतं.

तीन छर्‍यांच्या ग्रुपवर विश्वास ठेवू नका. विक्रेते आणि जाहिराती तेच दाखवतात. संख्याशास्त्र सांगतं की त्याच रायफलीचा दहा छर्‍यांचा ग्रुप सरासरीनं तीन छर्‍यांच्या ग्रुपपेक्षा दीडपटीहून थोडा मोठा येतो. तीन छर्रे योगायोगानंही एकाच भोकात जातात. दहाचे चार-पाच ग्रुप मारले की रायफलीचा खरा स्वभाव समोर येतो. ज्या छर्‍यांनी सर्वांत आवळ ग्रुप दिला, त्याच बॅचचे जमतील तेवढे डबे घेऊन ठेवा.

खर्चाचा खरा भारही इथंच आहे. रोज ऐंशी छर्रे आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर दोन हजार छर्रे लागतात, म्हणजे पाचशेचे चार डबे. वर्षभराचा हा खर्च आधी वेगळा काढा आणि उरलेल्या पैशांत रायफल बसवा. महागडी रायफल घेऊन छर्‍यांवर काटकसर करणारं मूल साध्या रायफलीवर रोज सराव करणार्‍या मुलाच्या मागेच राहतं.

पॉइंट टू टूची पायरी

एनसीसीत गेलेल्या प्रत्येकानं पहिली गोळी पॉइंट टू टूवर मारलेली असते. ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठणारी अंजली भागवतही एनसीसीतूनच या खेळाकडे वळली. आष्टीतल्या मुलाला परवान्याशिवाय, देखरेखीखाली खर्‍या काडतुसाची ओळख करून घ्यायची असेल तर एनसीसी हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

५० मीटरच्या स्पर्धेत हीच .२२ लाँग रायफल जात चालते. तिथंही नळी आणि काडतूस यांचं जुळणं सर्वांत महत्त्वाचं. सामन्याची काडतुसं मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली, ३३० मीटरच्या आसपास ठेवलेली असतात. प्रत्येक पेटीवर बॅच क्रमांक असतो आणि मोठे नेमबाज आपल्या नळीवर बॅचा तपासून मगच खरेदी करतात. या पायरीवर स्वतःची रायफल घेण्याची घाई नको. क्लबच्या रायफलीवर राज्य स्पर्धेपर्यंत पोचता येतं. पुण्यात बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात मोठी रेंज आहे आणि गगन नारंग यांनी २०११ मध्ये सुरू केलेली गन फॉर ग्लोरी अकादमीही पुण्यातूनच उभी राहिली. २०२२ पासून नवी आष्टी ते अहिल्यानगर ६६ किलोमीटरचा लोहमार्ग सुरू झाला, त्यामुळे पुण्याकडच्या प्रवासाचा पहिला टप्पा तरी सोपा झाला.

तीनशे मीटर आणि त्यापलीकडे

आता लांब पल्ल्याच्या रायफलीकडे येऊ. जगभर गेल्या दोन-तीन दशकांत कारखान्यातून निघालेली साधी रायफल इतकी नेमकी झाली आहे की कारागिराकडून लाखो खर्चून बनवून घेतलेल्या रायफलीशी ती स्पर्धा करते. अमेरिकेची सॅव्हेज ११० ही त्यातली जुनी. १९५८ मध्ये निकोलस ब्रुअर यांनी तिची रचना करताना नळी एका नटनं बसवण्याची युक्ती काढली. त्यामुळे काडतुसाच्या खोबणीचं माप कारखान्यात नेमकं आणि स्वस्तात लावता येऊ लागलं. फिनलंडची टिक्का टी३ आणि जपानची होवा १५०० यांच्या नळ्या थंड लोखंडावर हातोड्यांचे ठोके देऊन आतल्या साच्यावर घडवतात. पोलाद आतून एकसारखं बसतं आणि हजारो नळ्या एका मापाच्या निघतात. संगणकानं चालणार्‍या यंत्रांनी उरलेली कामं केली.

परदेशात राहणारे, तिथल्या कायद्यानं रायफल बाळगू शकणारे मराठी लोक अशा रायफली घेतात, तेव्हा त्यांनी तीन गोष्टी पाहाव्यात. नळी लाकडाला किंवा प्लास्टिकला कुठंही न चिकटता मोकळी तरंगते का, कारण गरम झालेली नळी दस्त्याला टेकली की नेम सरकतो. नळीतल्या पिळाचा वेग गोळीच्या लांबीला पुरतो का : लांब, बारीक ६.५ मिलिमीटर गोळीला साधारण आठ इंचांत एक फेरा लागतो, तर .३०८ ला दहा ते बारा इंचांत एक पुरतो. आणि दुर्बिणीसाठी रायफलीइतकेच पैसे बाजूला ठेवले आहेत का. २००७ मध्ये आलेली ६.५ क्रीडमूर जात लोकप्रिय झाली ती वार्‍यामुळे. ३०० मीटरवर जो वारा .३०८ ला साडेपाच सेंटिमीटर ढकलतो, तो हिला चार सेंटिमीटरच्या आसपास ढकलतो. मात्र तिची नळी .३०८ पेक्षा लवकर झिजते. जो रोज सराव करतो त्याला हा हिशेब करावाच लागतो.

भारतात चित्र वेगळं आहे. .३०३ आणि ७.६२ मिलिमीटर या लष्करी जाती सामान्य परवान्यावर मिळत नाहीत. त्या प्रतिबंधित बोअरमध्ये येतात. सर्वसामान्यांसाठी आयुध निर्माणींनी .३१५ आणि .३०-०६ या जातींच्या स्पोर्टिंग रायफली काढल्या. इशापूरची रायफल फॅक्टरी या कामासाठी प्रसिद्ध आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या आणि इशापूर अॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या कानपूरच्या कंपनीकडे गेली. काडतुसांचं काम म्युनिशन्स इंडियाकडे आलं. तिचं मुख्यालय पुण्यात, आणि खडकी व वरणगावचे कारखाने तिच्याच छत्राखाली आहेत.

.३१५ रायफलीची यंत्रणा जुन्या ली-एनफिल्डच्या धर्तीची. गोळी जड आणि संथ, साइट साध्या. शेताची राखण आणि स्वसंरक्षण यांसाठी ती बनली. लांब पल्ल्याच्या लक्ष्यासाठी ती बसत नाही, कारण तिच्यासाठी सामन्याच्या दर्जाची काडतुसं मिळत नाहीत. .३०-०६ ची यंत्रणा माउझर पद्धतीची आणि जात मुळात लांब पल्ल्याला योग्य. पण मुख्य अडचण रेंजची आहे. ३०० मीटरच्या रेंजा देशात मोजक्या आणि बहुतेक लष्कराच्या किंवा पोलिसांच्या ताब्यात. महूचं आर्मी मार्क्समनशिप युनिट त्यात अग्रगण्य. अहिल्यानगरजवळचं के. के. रेंज आष्टीला जवळ आहे, पण ते रणगाड्यांच्या सरावाचं लष्करी क्षेत्र आहे, तिथं नागरी नेमबाजाला जागा नाही. म्हणजे आष्टीतल्या ज्या मुलामुलीला खरोखर ३०० मीटरवर खेळायचं आहे, त्यांच्यासाठी वास्तवातली वाट सैन्य, निमलष्करी दल किंवा पोलीस यांच्या संघातून जाते. अविनाश साबळेही महार रेजिमेंटचा जवान होता, हे इथं आठवावं.

गावात काय करता येईल

दहा मीटरची रेंज कुठल्याही शाळेच्या लांब खोलीत बसते. मागे भक्कम भिंत आणि छर्रे अडवणारी पेटी हवी. खोलीला नेमबाजांच्या पुढच्या बाजूनं दार नको आणि असलंच तर ते कुलूपबंद हवं. नेमबाजाच्या रेषेपुढे कुणी असताना रायफलीला हात लावायचा नाही, हा नियम एकदाही मोडू नये. आठ ज्यूलचा छर्राही डोळा कायमचा घालवतो. शिशाच्या छर्‍यांना हात लावल्यावर हात धुवायला मुलांना शिकवा.

आणि एअर रायफल घेऊन पाखरांमागे फिरणं, हे कुणी सराव म्हणून खपवू नये. शेजारच्या पाटोदा तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे. मोर पहिल्या अनुसूचीतला संरक्षित पक्षी आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये एअर रायफलीला सवलत नाही.

पैशांचा क्रम असा लावावा. पहिले तीन-चार महिने क्लबच्या किंवा शाळेच्या रायफलीवर सराव, स्वतःचा खर्च फक्त छर्‍यांचा. मग जिल्हा स्पर्धा. गुण वाढत राहिले तर देशी, हवा भरलेली, मापात बसणारी रायफल आणि हातपंप. राज्य स्पर्धेत टिकल्यावर नेमबाजीचं जॅकेट आणि पँट. राष्ट्रीय पातळीचे पात्रता गुण मिळाल्यावर, आणि त्यानंतरच, परदेशी रायफल. कर्ज काढायचंच झालं तर ते या शेवटच्या पायरीवर काढा.

मुलाला घेऊन दुकानात जाण्याआधी एकदा रेंजवर घेऊन जा. प्रशिक्षकाला त्याच्या हाताची, मानेची, खांद्याची मापं घ्यायला सांगा. त्या मापात बसणारी, सुटे भाग आणि छर्रे सहज मिळणारी, वीस ज्यूलच्या आतली रायफल घ्या, आणि वाचलेले पैसे छर्‍यांवर घाला.